करोडगिरीचं घर

१२ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! टेम्पोतून सामान उतरवताना पाठीचा पार भुगा झाला, तरी रोजनिशी उघडून बसले आहे. म्हणजे मी खूश आहे हे वेगळं सांगायला नको. अंबडच्या जुन्या पेठेत, वेशीला अगदी लागून, दगडी घर, आणि त्यात मी एकटी राणी. कुंभार पिंपळगावच्या आमच्या दोन खोल्यांत आरशात बघायलासुद्धा नंबर लावावा लागायचा.

या घराला सगळे करोडगिरीचं घर म्हणतात. निजामाच्या राज्यात करोडगिरी म्हणजे जकात. वेशीतून येणारी प्रत्येक गाडी इथं थांबायची, ओझं खाली उतरायचं, कारकून रस्त्याकडच्या भिंतीतल्या लहानशा खिडकीतून मालाचा वाटा उचलायचा आणि मगच गाडी गावात जायची. ती खिडकी अजून आहे. तिच्या बाहेर एक दगडी फळी आहे, वस्तू ठेवून ठेवून मधोमध खोलगट झालेली. इतिहास शिकवणाऱ्या बाईला याहून चांगलं घर कुठं मिळणार? दिवसभर अकरावीच्या पोरांना जुना काळ शिकवायचा आणि संध्याकाळी त्यातच येऊन झोपायचं.

जागा मिळाली ती शीतलमुळे. ती आमच्या कॉलेजात मराठी शिकवते. माझ्याच वयाची, तोंडाला खळ नाही. तिचे सासरे रखमाजी आप्पा म्हणजे वेशीच्या गल्लीचे कर्तेधर्ते. पालिकेनं हे घर धोकादायक ठरवलंय, रस्ता रुंद करायला पाडणार म्हणून नोटीस डकवलीय. मूळ मालक केव्हाच हैदराबादला गेले, किल्ली आप्पांकडे असते. गल्लीनं बचाव समिती काढून कोर्टात धाव घेतली. वकील म्हणाले, रिकाम्या घरासाठी कोर्ट कशाला थांबेल? कुणी राहत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून माझी वर्णी लागली. आप्पा म्हणाले, "म्याडम, तुमी निस्त्या राहा. बाकीचं समदं गल्ली बघून घेईल. बिलकुल काळजी करू नका." भाडंसुद्धा नावालाच.

मी आडनाव सांगितलं की समोरच्याच्या कपाळावर जी बारीकशी आठी पडते, ती मला पाठ आहे. आप्पांच्या कपाळावर ती पडली नाही. उलट भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचाय म्हटल्यावर खिळे आणि हातोडी त्यांनीच आणून खिडकीतून दिली. जग सुधारतंय म्हणायचं.

१६ नोव्हेंबर

गल्लीनं माझे लाड चालवलेत. चार दिवस झाले, माझी शेगडी चहापुरतीच पेटते. दुपारी कॉलेजातून आले की खिडकीच्या फळीवर वाटी वाजते. कधी समोरच्या सगुणाबाईंची भाकरी आणि घोळून दिलेली मेथी, कधी कोपऱ्यावरच्या उषाबाईंची येसर आमटी, कधी शीतलचे धपाटे. "गरम हाय तवर खाऊन घ्या म्याडम," एवढं म्हणतात आणि खाईपर्यंत तिथंच उभ्या राहतात. माझं वजन वाढणार, नक्की.

दारातून का देत नाही म्हणून विचारलं तर शीतल हसली. म्हणाली, या घराला जे द्यायचं ते खिडकीतूनच, जुनी गंमत आहे. अजून एक गंमत म्हणजे भांडं रिकामंच परत द्यायचं, विसळायचंसुद्धा नाही. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं धाडलं तर आई आठ दिवस बोलून दाखवेल, चिमूटभर साखर तरी घालायचीच. मी सगुणाबाईंच्या वाटीत मूठभर शेंगदाणे टाकायला गेले तर त्यांनी हातच जोडले. तुम्ही गल्लीच्या पाहुण्या, तुमच्याकडून घेतलं तर आम्हाला पाप लागेल म्हणाल्या. इतकी माया मला सोसत नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

२५ नोव्हेंबर

मी आता समितीची नुसती भाडेकरू राहिले नाही, तोफ झाले आहे. आप्पाच तसं म्हणतात. पोरांकडून घराची मापं काढून घेतली, कमानीच्या दगडांचे फोटो काढले, पेपरात लेख लिहिला. बाजाराच्या दिवशी वेशीत टेबल टाकून सह्या घेतल्या. पालिकेचे एक साहेब म्हणाले, म्याडम, त्या पडक्या घरात काय ठेवलंय? मी त्यांना भर रस्त्यात तासभर इतिहास शिकवला. गल्ली टाळ्या वाजवत होती. साहेबांनी रुमालानं घाम पुसला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माझ्याआधी इथं वसंता नावाचा कुणी राखणदार बरीच वर्षं राहत होता. घरदार नसलेला माणूस. तो कुठं गेला विचारलं तर आप्पा म्हणाले, गेला त्याच्या गावाकडं.

सगुणाबाई काल मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढून आल्या. मी आले तेव्हा उंबरा ओलांडतानाही भिंत धरायच्या! माझे गुडघे मात्र भलतेच कुरकुरून राहिलेत. माळवदावर जायच्या या उंच दगडी पायऱ्या नडल्या असणार. तिशीतच म्हातारी झाले मी.

६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन मेणबत्ती लावून आले. मग आईचा फोन. काय जेवलीस, कुणी दिलं, असं विचारता विचारता खिडकीची गोष्ट निघाली आणि तिनं आजोबांचा कायदा काढला.

आमच्या घरात एक कायदा आहे. आजी तरुणपणी गल्लोगल्ली दारात उभी राहून भाकरी मागून आणायची. बाहेरूनच मागायची, बाहेरूनच घ्यायची. धम्म स्वीकारून आले त्या दिवशी आजोबांनी ते भाकरीचं मडकं उंबऱ्यावर फोडलं आणि सांगितलं, दारातून-खिडकीतून हातावर ठेवलेलं या घरातलं कुणी खाणार नाही. पंगतीला मांडीला मांडी लावून बसवलं तरच जेवायचं. आईनं विचारलं, "तुला कुनी घरात बसवून जेवू घातलं का गं?"

मी चिडले. म्हटलं, जमाना बदलला, तू अजून तिथंच आहेस. ही माणसं माझ्यावर जीव टाकतात. फोन ठेवला आणि आठवून बघितलं. कुणी नाही बसवलं. आप्पांच्या ओसरीपलीकडं मी गेलेले नाही. आणि माझ्या घरात? इतक्या दिवसांत गल्लीतलं एकही माणूस माझा उंबरा ओलांडून आत आलेलं नाही. शीतलसुद्धा नाही.

पण माझा भाऊ आर्यन म्हणतो ते खरंय, मी फार बारीक बघत बसते. आज उषाबाईंनी खीर दिली. खाल्ली.

१७ डिसेंबर

जिंकलो! जालन्याच्या कोर्टानं स्थगिती दिली. माझ्याच प्रतिज्ञापत्रावर दिली. जोवर मी या घरात राहते आहे तोवर पालिकेनं हात लावायचा नाही, पुढची तारीख सहा जानेवारी. वेशीत फटाके वाजले. आप्पांनी मला हार घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ही आमची लेक. वडील गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी रडले, कोर्टात जायला घातलेली चांगली साडी भिजवली.

फक्त ही धाप. बाजारातून घरापर्यंत यायला मला आता दोनदा टेकावं लागतं. फोटो काढला, छाती साफ. डॉक्टर म्हणतात, दगदग कमी करा. उषाबाईंची नात अर्पिता मात्र ठणठणीत झाली. तिच्या हातातला दम्याचा पंप कधी सुटायचा नाही, आज माझ्या खिडकीखाली लंगडी खेळत होती. तिला बघून बरं वाटतं.

२३ डिसेंबर

अर्पिताचा वाढदिवस. सकाळी उषाबाईंनी खीर ठेवली होती. दुपारी भांडं न्यायला अर्पिता स्वतःच आली, नवा फ्रॉक घालून. या पोरीला रिकामी वाटी देऊ? माझ्याच्यानं झालं नाही. वाटीत साखर आणि वर दोन चॉकलेटं. ती उड्या मारत गेली. मोडली रीत तर मोडली, पाप लागलं तर मला लागेल.

संध्याकाळी पाणी भरताना लक्षात आलं, किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

२४ डिसेंबर

जमेल तसं लिहिते.

सकाळी उषाबाई खिडकीवर धावून आल्या. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "रिकामं द्या म्हणलं व्हतं ना! वसंतानं मरंस्तोवर गप खाल्लं, एकडाव भांडं भरून धाडलं न्हाई. पोरीचं दुखणं तुमी पोरीच्याच घरी धाडलं!" सगुणाबाईंनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

उतारा. आजारी माणसावरून भाकरतुकडा ओवाळायचा आणि तिठ्यावर नेऊन टाकायचा, म्हणजे दुखणं तिथं उतरतं. लहानपणी आम्ही असले तुकडे चुकवून चालायचो. या गल्लीला तिठ्यापर्यंत जायची गरज नाही. यांच्याकडं हे घर आहे. मेथी, येसर, धपाटे, खीर, सगळं आधी कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून उतरवलेलं. सगुणाबाईंचे गुडघे. अर्पिताची धाप. मी बोटं चाटून खाल्लं.

मी खिडकी लावायला गेले तर बाहेर गाडी उभी. दवाखान्यात न्यायला निघाले होते. मागच्या सीटवर अर्पिता, ओठ निळे, नवा फ्रॉक तसाच अंगावर. उषाबाईंनी खिरीची वाटी फळीवर ठेवली, फळीवरच कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "खा माय. तुझ्या पाया पडते. येकडाव खा."

मी उभ्या उभ्या खाल्लं. शेवटच्या घासाला पोरगी गाडीत उठून बसली, आणि मी इकडं भिंत धरून खाली बसले.

२६ डिसेंबर

शीतलला बोलावलं. ती खिडकीबाहेर, मी आत. मला वाटत होतं ती म्हणेल, काय वेड्यासारखं बोलतेस. निदान खोटं तरी बोलेल. ती नाकारायच्या भानगडीतच पडली नाही.

वसंता गावाकडं गेला नव्हता. भादव्यात याच घरात मेला, गल्लीतली सगळी दुखणी अंगावर घेऊन. त्यानंतर घराघरात लोक अंथरुणाला लागले. त्यातच ही नोटीस. घर पडलं की आजवर इथं उतरवलेलं सगळं आमच्या घरात शिरणार, शीतल म्हणाली, आमची लेकरंबाळं आहेत. घर उभं पाहिजे आणि आत खाणारं माणूस पाहिजे.

मी विचारलं, मीच का?

तिनं नजर फळीवर नेली. मग म्हणाली, "आप्पा म्हणले, तुमच्या लोकायला पयल्यापासून सवय असती. बाहीरून दिलेलं घ्यायची."

कॉलेजात एका डब्यात जेवतो आम्ही. माझ्या आईच्या हातची चटणी तिला फार आवडते. त्या दिवशी आप्पांच्या कपाळावर आठी का पडली नाही ते आज कळलं. त्यांना तेच आडनाव पाहिजे होतं. मी लाजेनं नाही, रागानं रडले. या लोकांसाठी मी भर रस्त्यात भांडले!

२८ डिसेंबर

खिडकीला आतून लाकडी आडणा लावला. आर्यन पुण्याहून फोनवर ओरडतोय, आत्ताच्या आत्ता निघ. नाही निघणार. मी गेले की आठ दिवसांत दुसरी कुणीतरी आणून बसवतील. कुणाची तरी लेक, तिलाही हार घालतील. सहा तारखेला जालन्याला जाऊन मी स्वतः सांगणार, माझं प्रतिज्ञापत्र मागं घेते, पाडा हे घर. मग निघेन. घराचा जीव लावून केलेला अभ्यास असाच वाया गेला, पण गेला तर गेला.

दुपारभर फळीवर वाट्या वाजत होत्या. एकीमागून एक.

३१ डिसेंबर

स्वतः भात शिजवते. तोंडात माती. मीठ घातलं, लिंबू पिळलं, तरी माती. खिडकीच्या फटीतून तुपाचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. माझ्याच तोंडाची किळस येते मला.

फटीतून बघितलं. फळीवर वाट्यांची रांग, सगळ्या भरलेल्या. एकही माशी बसत नाही.

कॉलेजला जायला दार उघडलं तर सगळी गल्ली आपापल्या ओट्यावर उभी. कुणी अडवलं नाही. नुसते बघत होते. गुडघ्यांनी साथ दिली नाही, वेशीपर्यंतही पोचले नाही. परत आले.

२ जानेवारी

सकाळी रडारड. आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पूर्ण, वाचाही बंद.

गल्ली खिडकीवर. शीतल बाहेरून झडपेवर डोकं आपटते — एक घास, ज्योत्स्ना, फक्त एक —

नाही. अर्पितासाठी खाल्लं. त्या माणसासाठी नाही. सहा तारखेला कोर्ट आहे, मला धड राहायचंय.

४ जानेवारी

आई आली! न सांगता, पहिल्या गाडीनं. आत आली, मी इथं आल्यापासून पहिलं आपलं माणूस. मी तिच्या गळ्यात पडले. तिनं डबा उघडला. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. चव लागली! किती दिवसांनी चव. मी सगळं संपवलं, तिला एक घासही ठेवला नाही. तिनं डबा मोरीत ठेवला आणि सांगू लागली —

स्टँडवर शीतल भेटली म्हणे. फार गोड पोरगी. घरी नेलं, थेट सैपाकघरात, पाटावर, मांडीला मांडी लावून बसवलं. जेवू घातलं. आई म्हणाली, "म्या उगंच शक घेतला गं त्या मानसावर." शीतल म्हणाली, ज्योत्स्ना आमच्यावर रुसलीय, खात नाही काही, द्या, तिचा डबा गरम करून देते. वर तूप सोडलं. म्हातारे आजारी पडलेत बाजेवर, त्यांच्या अंगावरून डबा फिरवला. आईला वाटलं, म्हाताऱ्याची नजर काढून राह्यली —

ती अजून सांगतेच आहे. हसतेय. मी तिला काय सांगू? तिला साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी पाटावर बसवलं.

उजवी पापणी मिटत ना

५ जानेवारी

डावा हात. उजवा गेला. तोंड वाकडं. बोलता येत नाही. आई रडते, मी नुसता आवाज काढते.

बाहेर आप्पांचा आवाज. चालतायत. हसतायत.

आई दवाखाना म्हणते. ते म्हणतात, उद्याची तारीख होऊ द्या, मंग आमीच नेतो, समदा खर्चा आमचा.

दुपार. वकील खिडकीवर. आडणा आईनं काढला. नवा कागद — मी कायम इथंच राहणार, सोबत आई. गल्ली दोघींना जन्मभर जेवू घालणार. आई हो म्हणाली. तिला वाटतं, घर मिळालं. लेकीला माणसं मिळाली.

सही जमत नाही तर अंगठा चालेल म्हणाले.

अंगठा. आमच्या घरात. वडिलांनी पाटी धरून —

शीतलनं शाईची डबी दिली. आई माझा उजवा अंगठा धरते. तिकडं काही कळत नाही मला. डावा माझा आहे अजून. आई, इकडं बघ. कागदाकडं नको, वहीकडं बघ. मला लिहिता येतं. अंगठा नको. हे दाखव कोर्टाला

घर पाडा

माझी सही आहे. पूर्ण नाव

ज्योत्स्ना देवा